डावा हात काय करत होता

मी एकदा अस्वलाला आलुबुखाराची दारू पाजून त्याच्याकडून सरपणाची गाडी ओढून घेतली. आमच्या सेकू गावात हे कुणी खरं मानत नाही, पण लग्नकार्यात मलाच आधी बसवतात आणि म्हणतात, "इलारीआबा, अस्वलाचं होऊ दे." माणसाला खोटं ऐकायला आवडतं, खरं सुरू झालं की त्याला मेंढरं बांधायची आठवण येते. सावेताचं हे जे सांगतोय त्यात अस्वल नाही, तेवढं धरून चाला.

सावेता माझी शेजारीण. दोघांत कुंपण एक, त्यातली एक फळी मोडलेली. त्यामुळे तिच्या कोंबड्या माझ्याकडे आणि माझी भांडणं तिच्याकडे. तिचा नवरा पेत्रेया तीन हिवाळ्यांपूर्वी लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला. मागे राहिली ती, बारा मेंढ्या, एक म्हातारं कुत्रं आणि डोंगराच्या अंगावरचं गवताचं रान. मागल्या ऑक्टोबरात वैरण कापायच्या यंत्रानं तिचा डावा हात नेला, कोपराच्या चार बोटं खाली. ओढणीनं आवळून ती स्वतःच्या पायानं रस्त्यापर्यंत चालत आली आणि मला म्हणाली, "आबा, यंत्र बंद करून या. पेट्रोल जळतंय."

इस्पितळानं तिला हात दिला. गुलाबी, पाच बोटांचा, नखांसकट. त्यानं पेला धरता यायचा आणि दाराची मूठ फिरवता यायची. सावेताच्या दाराला मूठ नाही, कडी आहे. आणि पेला ती उजव्यानं धरते. महिनाभर तिनं तो घातला, खांद्याची कातडी सोलून घेतली आणि मग दाराबाहेरच्या खुंटीला अडकवून ठेवला. माझी काळी कोंबडी त्यात रोज अंडं घालायची. रोज नाही, एकदा.

तिला घोर होता मे महिन्याचा. मेमध्ये माप असतं.

उन्हाळ्याला सगळ्या गावाची मेंढरं डोंगरावर एकाच वाड्यात जातात. वाड्याचं काम सुरू होण्याआधी एक दिवस ठरतो. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या मेंढ्यांची धार काढायची. दुधात काठी बुडवतात, आणि ती जिथवर भिजेल तेवढा त्या घराचा उन्हाळाभराचा चीजचा वाटा. नियम दोनच. पहिला, ज्याची मेंढी त्याचा हात. दुसरा घाट्याचा. चारचार मालक पाळीनं बसतात; पाळीची धार सुरू झाली की वाड्याचा म्होरक्या टानासे चुलीवर मक्याच्या पिठाचा घाटा चढवतो. घाटा शिजून फळीवर उलटा पडला की मालकानं हात काढायचा. तोवर जी मेंढी पिळायची राहिली, तिला पुढं जो पिळेल त्याच्या मापात ती जाते, आणि मग उन्हाळाभर ती त्याचीच धरायची.

फेब्रुवारीतच तिचा दीर ग्लिगोर कुंपणाशी येऊन उभा राहिला. मी अलीकडे लाकडं फोडत होतो. ऐकत नव्हतो, पण कान काही कुऱ्हाडीला बांधलेले नव्हते.

"वहिनी, मापाचं मी बघतो. तुझ्या बारा मी पिळतो. माझ्याच मापात घालू."

"आणि चीज?"

"आणून देईन की. घरातलंच आहे."

"किती?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे लागलं की मी तुमच्या दारात यायचं."

"यायचं कशाला? मी आहे ना."

"तेच म्हणतेय मी, भावोजी."

ग्लिगोर वाईट माणूस नव्हे. ती इस्पितळात होती तेव्हा पाच आठवडे तिच्या मेंढ्यांना गवत त्यानंच टाकलं. चांगल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. वाईटाच्या अंगावर निदान कुत्रं तरी सोडता येतं.

तो गेल्यावर ती गोठ्यात गेली. मी मोडक्या फळीतून बघितलं. एका मेंढीला भिंतीशी दाबून, डोकं तिच्या बरगडीत खुपसून ती एका हातानं धार काढत होती. दोन धारा निघाल्या की मेंढी सरकायची, बादली कलंडायची. एवढ्यात माझ्या बायकोनं शेगडीवरचा घाटा उतरवला. सावेताच्या तेवढ्यात चार मेंढ्याही झाल्या नव्हत्या.

मार्चमध्ये शहरातून इलिंका आली. शहरात एक खोली आहे, तिथं तिच्यासारखी मंडळी अपंग माणसांना हवं ते बनवून देतात, एकेकाला वेगळं. पोरगी चोविशीची, शिकलेली, बूट पांढरे. आमच्या चिखलात त्या बुटांचं जे झालं ते सांगत नाही. तिनं वही उघडली आणि विचारलं, "सावेताताई, तुम्हाला काय काय करता येत नाही?"

"तू आधी काय येतं ते विचार," सावेता म्हणाली. "ती यादी मोठी आहे. कागद पुरणार नाही."

इलिंका लाल झाली. पण तिनं खरंच पान उलटलं आणि तेच विचारलं. तिथं मला ती पोरगी आवडली.

दोन आठवड्यांनी ती एक वस्तू घेऊन आली. मशीननं प्लास्टिकचे थर चढवून केलेली, पुढं रबर लावलेल्या दोन चिमट्या. थोट्या हातावर बसवायची, खांदा मागं ओढला की चिमट्या मिटायच्या. सड धरायला. फार हुशारीचं काम होतं. सावेतानं ते वळवून, दाबून बघितलं, आपल्या उजव्या हाताचं बोट त्यात चिमटून बघितलं.

"तू हे स्वतःला लावून बघितलंस?"

"हो, हाताला..."

"हाताला नाही गं. छातीला लाव. मग माझ्या मेंढीला लावू."

मी हसलो तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझं हसू पुन्हा तोंडात घातलं.

इलिंका पायरीवर बसली. चेहरा उतरलेला. "तुम्हाला दूध काढायचंय, म्हणून मी दूध काढणारा हात केला."

सावेता तिच्या शेजारी बसली. मग सावेता आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "दूध काढायला हा आहे. ह्याला शिकवायला नको. सगळे येतात आणि धारेचंच विचारतात. डावा काय करत होता ते कुणी विचारत नाही."

"काय करत होता?"

सावेतालाही चटकन सांगता येईना. तिनं डोळे मिटले, गुडघे फाकवले, मध्ये बादली असल्यासारखी. उजवा हात हवेत धार काढायला लागला. आणि थोटा, आपोआप, खाली बाजूला जाऊन थांबला. काहीतरी मिठीत घेऊन.

"धरत होता," ती म्हणाली. "मागचा पाय. नुसता धरून बसायचा तो. काम म्हणून कधी लक्षातच आलं नाही."

मग माझ्या इभ्रतीचा बळी गेला. इलिंकाला मापं हवी होती, मेंढी स्वस्थ राहीना, म्हणून सत्तरी ओलांडलेला मी गोठ्यात चार पायांवर उभा राहिलो. वाड्याच्या फळ्यांमधल्या फटीतून मेंढी कशी येते, कशी वळवतात, पाय कुठं अडकवतात, हे सगळं माझ्या अंगावर मोजलं. "आबा, मागं सरका." "आबा, लाथ मारा. एवढी नाही." तेवढ्यात ग्लिगोर दोर मागायला दारात आला. त्यानं टोपी काढून मला नमस्कार केला आणि गेला. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव मला "बें" करून हाक मारत होतं.

बेत असा ठरला. लाकडाचं बेचकं, थोटा हात आत बसेल अशा खोबणीच्या टोकाला लावलेलं. मेंढीचा मागचा पाय त्यात शिरला की वरून पट्टा ओढून बकलात अडकवायचा. प्लास्टिकचं पहिलं बेचकं एका थंड सकाळी तडकलं. मग ओनुफ्रेला बोलावलं. ओनुफ्रे आमचा लाकडी चमचे कोरणारा, महिन्यातून चार शब्द बोलणारा माणूस. त्यानं बेचकं हातात घेतलं, "लाकडाचे दोरे उभे हवेत," एवढं म्हणाला, म्हणजे महिन्याचे चारही शब्द त्यानं तिथंच खर्च केले. त्यानं वाकवलेल्या लाकडाचं नवं केलं. इलिंका खोबणी करायची, ओनुफ्रे बेचकं, आणि सावेता दोन्ही घालून वैरण ओढायची, पाणी आणायची, आणि कुठं टोचतंय ते बोट ठेवून सांगायची. सात वेळा झालं ते. सातव्या वेळी सावेतानं खांदा फिरवला आणि काही बोलली नाही. टोचलं असतं तर बोलली असती.

मापाच्या आठ दिवस आधी वाड्यात सराव झाला. फळ्यांची भिंत, तीत चार फटी, प्रत्येक फटीसमोर एक बुटकं स्टूल. सावेता बसली. बेचक्याला आतून काहीतरी मऊ, पांढरं लावलेलं दिसलं. ओनुफ्रेनं आपल्या मनानं केलं होतं, मेंढीचा पाय सोलू नये म्हणून.

ग्लिगोर पुढं आला. "टानासे, ज्याची मेंढी त्याचा हात. हा हात नाही, हे अवजार आहे."

टानासे वाकून बघायला लागला. त्याचं वजन इतकं की तो वाकला की ऊन जातं. "सडाला लागतं का हे?"

"नाही," सावेता म्हणाली. "सडाला माझा हात. हे नुसतं धरतं."

"मग हा तुझा हात नाही म्हणतेस?"

"गुडघा समजा."

टानासेनं विचार केला. "गुडघ्याचा नियम नाही आपल्यात. चालू कर."

पहिल्या मेंढ्या सरळ आल्या. पाय आत, पट्टा, बकल, धार. बकल, पट्टा, सोड. मग ओकेशा आली. डोळ्यांभोवती काळी कडी असलेली, सावेताची सगळ्यांत दुधाळ मेंढी. पण ईस्टरपासून ती पान्हा चोरत होती. फटीतून तिनं डोकं काढलं आणि थांबली. नाक बेचक्याला लावलं. मग तिनं आवाज काढला, घशातल्या घशात, बारीक, थरथरता. मेंढरांत जन्म काढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. मेंढी तसं फक्त आपल्या कोकराशी बोलते.

ती बेचकं चाटायला लागली.

ओनुफ्रेनं आपली टोपी हातात घेतली. ईस्टरला, सणाला कापायला म्हणून, सावेतानं त्याला बेचक्याच्या कामाबद्दल एक कोकरू दिलं होतं. ओकेशाचं. त्याचंच कातडं त्यानं आत लावलं होतं.

आणि ओकेशानं पान्हा सोडला. सावेताचा हात सवयीनं चालत होता. दूध बादलीत असं कोसळत होतं की फेस वर आला. चारी फटींवरची माणसं थांबली. पाय अडकवायची गरजच पडली नाही; मेंढी चाटतेय, सावेता पिळतेय. मागं सगळा कळप फटीशी तुंबला, कारण कास रिकामी झाली तरी ओकेशा हलेना. ओढली तर परत आली. शेवटी मी आणि टानासेनं तिला उचलून बाजूला केलं. ती भिंतीपलीकडून ओरडत राहिली.

सावेतानं बेचकं हातावरून उतरवून ठेवलं आणि उठून मागं गेली. पाठ आमच्याकडे.

मी तिच्यामागं गेलो. मी व्यवहारी माणूस आहे, लाज कशाला लपवू? म्हणालो, "सावेता, हे राहू दे असंच. काठी दोन बोटं वर भिजेल. कुणाला कळतंय?"

"तिला."

"अगं, मेंढी आहे ती."

"एकदा तिच्यासमोरून नेलं मी ते कोकरू. ईस्टर होता, सगळेच नेतात. पण आता तेच रोज तिच्या नाकाशी धरून, बघ आलं म्हणायचं?" तिनं थोट्या हातानं नाक पुसलं. "नाही आबा. एकदा फसवलं तेवढं पुरे."

"आणि माप हुकलं तर?"

"हुकलं तर माझं हुकेल."

इलिंकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मिटलं. खिशातून सुरी काढून ती ओनुफ्रेशेजारी बसली आणि दोघांनी मिळून टाके उसवले. त्या जागी जाड लोकरी कापड आलं, माझ्या जुन्या कोटाचं. ओनुफ्रेनं कातडं घडी करून शर्टाच्या आत घातलं आणि त्या दिवशी तो चालतच घरी गेला, गाडीवर बसला नाही.

मापाच्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती. डोंगरावर ढग टेकलेले, माणसांच्या घोंगड्यांतून वाफ निघत होती. टानासेनं चूल पेटवली, कढईत पीठ सोडलं आणि काठी फिरवायला लागला. चार फटींवर चार मालक. तिसऱ्या फटीवर सावेता. पाठीमागून मेंढ्या हाकायला मी. ग्लिगोरचं आधीच्या पाळीत उरकलं होतं. तो बादली उपडी घालून त्यावर बसला होता, हात मांडीवर.

पहिल्या तीन झरझर झाल्या. मग पट्टा भिजला. भिजलेलं कातडं फुगतं; बकलातून निघेना. सावेता प्रत्येक वेळी मान वाकवून दातांनी ते ओढायची. पाय आत, पट्टा, धार, आणि मग दात. सहाव्या मेंढीला तिचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवर आलं, तिनं खांद्याला पुसलं, कारण हात दुधाचा होता. सातवी. आठवी. कढईतला घाटा आता पचपच आवाज करत होता. टानासेचे दोन्ही खांदे काठीबरोबर फिरत होते. मी सांगतो, तो माणूस त्या दिवशी मुद्दाम हळू फिरवत होता. पण मक्याच्या पिठाला माणुसकी नसते, ते शिजायचं तेव्हाच शिजतं.

नववी. दहावी. इलिंका चुलीजवळ उभी होती, दोन्ही मुठी तोंडाशी.

"वहिनी, घाई करू नको, हात दुखेल," ग्लिगोर म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकरावी झाली. उरली ओकेशा.

मी तिला फटीकडे लावली. तिनं डोकं बाहेर काढलं, बेचक्याला नाक लावलं. हुंगलं. माझ्या कोटाचं कापड, धूर, तंबाखू, आणखी काय असणार? तिनं पुन्हा हुंगलं, मग सावेताच्या मांडीला, मग हाताला. आणि मागं फिरली. मी ढकललं. ती परत आली, हुंगलं, परत फिरली. सावेता हाक मारत होती, "ये गं, ये माझी बाय, ये काळ्या डोळ्यांची," अगदी हळू आवाजात, जणू वाड्यात दुसरं कुणी नाही. तिसऱ्या वेळी मेंढी पुढं आली. सावेतानं पाय बेचक्यात घेतला, पट्टा ओढला. बकल लागेना. लागलं. हात सडाला गेला.

टानासेनं कढई फळीवर उलटी केली. पिवळाधमक घाटा धप्पकन बसला.

सावेताचा हात तिथंच थांबला. एकही धार निघाली नव्हती. तिनं हात काढून घेतला आणि दातांनी पट्टा सोडला.

मग ग्लिगोर उठला, बादली सुलटी केली आणि ओकेशाला बाहेर ओढून तिच्यामागं बसला.

आता इथं मला फार मोह होतो. ओकेशानं लाथ घातली, बादली उडाली आणि ग्लिगोर चिखलात बसला, असं सांगितलं तर तुम्ही मला पेला भरून द्याल. तसं काही झालं नाही. ग्लिगोरला दोन धड हात आहेत आणि तो धार चांगली काढतो. मेंढी उभी राहिली. तिनं थोडंसंच दूध दिलं, पण दिलं.

"डावा सड कडक आहे तिचा," सावेता म्हणाली. "आधी चोळा. ओढू नका."

ग्लिगोरनं मान न उचलता चोळला.

टानासेनं काठ्या बुडवल्या. सावेताची काठी तिच्या बोटानं साडेपाच बोटं भिजली; मागल्या वर्षी, दोन हात असताना, सात भिजली होती. टानासे मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सावेताच्या अकरा, तिच्या हातानं. एक ग्लिगोरची."

"तिचं चीज मी देईन तुला, वहिनी," ग्लिगोर म्हणाला.

"नका देऊ. ती तुमची आहे आता, मीठ वेळेवर घाला तिला." आणि मग, "अकरांचं चीज मी डोंगरावरून उतरवून नेईन. माझं मी."

तिनं स्टुलावरून उठून घाट्याचा एक तुकडा घेतला, फाटलेल्या ओठाला लागला तशी डोळे बारीक करून चावला. इलिंका तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पोरगी सरळसरळ रडत होती. पांढऱ्या बुटांची जागा केव्हाच रबरी बुटांनी घेतली होती, आणि त्यांवर पाऊस आणि ती, दोन्ही गळत होते.

"ते कातडं ठेवलं असतं तर बारा झाल्या असत्या," ती म्हणाली. "मी बोलायला हवं होतं. मेंढीचं काहीतरी करायला हवं, वासाचं, मी शहरात विचारते कुणाला तरी..."

"वही आणलीयस?"

"हो."

"काढ." सावेतानं थोटा हात पुढं केला, अजून बेचक्यात अडकलेला, आणि उजव्या बोटानं जागा दाखवली. "कातड्याचा पट्टा नको, भिजतो. आणि हे दातांनी उघडावं लागतं. गुडघ्यानं दाबलं की सुटेल असं काहीतरी हवं. इथं. इथून. लिहितेयस ना?"

"लिहितेय. पण मेंढी..."

"मेंढीचं माझं मी बघेन," सावेता म्हणाली. "तू बकलाचं लिही."